मुलांसाठी गाण्यांच्या ॲपवरचा फिल्टर चालू आहे, तरी शिव्या कानावर येतात. काय करायचं?

मोगरा_डोंबिवली

नमस्कार मंडळी,

गाण्यांच्या ॲपवर ‘एक्स्प्लिसिट’, म्हणजे शिवराळ किंवा अश्लील शब्दांची, गाणी बंद करायची सोय असते, ती आमच्याकडे चालू आहे. फॅमिली प्लॅन आहे, मुख्य खातं नवऱ्याच्या नावावर. मुलगा सहावीत, मुलगी दुसरीत. सासूबाई दिवसभर घरी असतात आणि हॉलमधल्या स्मार्ट स्पीकरवर अभंग, नाट्यगीतं ऐकतात. ॲपचं नाव मुद्दाम देत नाही. माझ्या मैत्रिणींकडे वेगवेगळी ॲप्स आहेत आणि सगळ्यांचं रडगाणं एकच आहे.

मुलाच्या शाळेत गॅदरिंगसाठी बाईंनी एक इंग्रजी गाणं निवडलं. पोरांनी त्यावर छान नाच बसवला. घरी सराव करायला बसला तर त्याच्या खात्यावर ते गाणं करड्या रंगात, दाबलं तरी वाजेना. मी शब्द शोधून वाचले. अख्ख्या गाण्यात एक शब्द वावगा होता, आणि बाईंकडच्या फाइलमध्ये तो गाळलेला होता. बरं, हे समजू शकते. पण त्याच खात्यावर, त्याच फिल्टरखाली, हिंदी आणि मराठी रॅपमधल्या आयाबहिणींवरच्या शिव्या, गांजाची वर्णनं, पोरीला उचलून नेण्याच्या बढाया, सगळं बिनबोभाट वाजतं. त्या गाण्यांपुढे एक्स्प्लिसिटचा तो ‘ई’चा शिक्का नाहीच.

स्पीकरचं आणखी वेगळं. सासूबाईंची यादी संपली की तो आपल्या मनाने पुढचं काहीतरी लावतो. मुलगाही त्याच स्पीकरला गाणी सांगतो, त्यामुळे असेल, पण एका दुपारी अभंगांच्या मागोमाग एक शिवराळ मराठी गाणं सुरू झालं. मुलगी शेजारी चित्र रंगवत होती. सासूबाईंना स्पीकर बोलून थांबवता येतो, पण त्या इतक्या गडबडल्या की त्यांच्या तोंडून शब्दच फुटेना. शेवटी त्यांनी वायर ओढली.

मला रॅपचं वावडं नाही. माझा मुलगा स्वतः यमकं जुळवतो, शाळेच्या बसवर, पावसावर, आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या टँकरवर त्याने कडवी लिहिली आहेत, आणि मला ती मनापासून आवडतात. त्याच्या तोंडी मोठेपणी चार शिव्या येतील हेही मला ठाऊक आहे. माझी काळजी वेगळी आहे. या गाण्यांत बाई नेहमी कुणाची तरी वस्तू असते, आणि ते ऐकायची सवय त्याला अकराव्या वर्षी आणि मुलीला सातव्या वर्षी लागावी असं मला वाटत नाही.

फिल्टर असा अर्धामुर्धा का चालतो, हे कुणी समजावून सांगेल का? आणि एकाच घरात दोन वेगळ्या वयांची मुलं असताना तुम्ही प्रत्यक्षात काय करता? ‘मोबाइल देऊच नका’ हा सल्ला कृपया नको. मुलाचा तबल्याचा रियाज लेहऱ्यावर (साथीला सतत वाजणाऱ्या धुनेवर) चालतो आणि लेहरा फोनवरच आहे.


खटपट_नाशिक

मोगराताई, आज रात्रीच करता येईल ते आधी सांगतो. मेनू ॲपच्या आवृत्तीप्रमाणे इकडेतिकडे सरकतात, तेव्हा नावं डोळ्यांसमोर ठेवा.

फिल्टर कुठून लावलाय हे सर्वांत महत्त्वाचं. स्पॉटिफायच्या फॅमिली प्लॅनमध्ये मुख्य खातेदाराला प्रत्येक सदस्यापुढे ‘अलाउ एक्स्प्लिसिट कंटेंट’ हे बटण दिसतं. तिथून बंद केलं की सदस्याला ते परत चालू करता येत नाही. तेच जर मुलाचा फोन हातात घेऊन त्याच्या सेटिंगमध्ये बंद केलं असेल, तर तो हवं तेव्हा उघडू शकतो. ॲपल म्युझिक असेल आणि मुलाकडे आयफोन किंवा आयपॅड असेल, तर कुलूप ॲपमध्ये नसून फोनच्या सेटिंगमध्ये आहे: स्क्रीन टाइम, त्यात ‘कंटेंट अँड प्रायव्हसी रिस्ट्रिक्शन्स’, आणि तिथे संगीतासाठी ‘क्लीन’. स्क्रीन टाइमचा पासकोड मात्र फोन उघडायच्या पासकोडपेक्षा वेगळा ठेवा. फोनचा पासकोड मुलांना पाठ असतो.

आता स्पीकर. स्पीकर ज्याच्या खात्याला जोडलेला असतो त्याचे नियम पाळतो. मुलाच्या खात्यावर कितीही कडक फिल्टर लावा, स्पीकर बाबांच्या खात्यावर चालत असेल तर बाबांना जे वाजतं ते सगळ्यांना वाजतं. तुमच्याकडे नेमकं हेच झालं असावं. ॲमेझॉनचा स्पीकर असेल तर अलेक्सा ॲपमध्ये संगीताच्या सेटिंगखाली शिवराळ भाषेसाठी वेगळा फिल्टर आहे. गुगलचा असेल तर होम ॲपमध्ये ‘डिजिटल वेलबीइंग’खाली उपकरणानुसार फिल्टर लावता येतात. याहून पक्कं काम म्हणजे फॅमिली प्लॅनमध्ये एक जागा शिल्लक असेल तर ‘हॉल’ नावाचं स्वतंत्र खातं काढायचं, त्यावर मुख्य खात्यातून फिल्टर लावायचा आणि स्पीकर फक्त त्यालाच जोडायचा. आमच्याकडे असंच आहे. त्या खात्यावर आई आणि धाकटी एवढ्याच दोघी ऐकतात, त्यामुळे सुचवलेली गाणीही त्यांच्या वळणाची येतात.

यादी संपल्यावर आपोआप पुढची गाणी लावणारं ‘ऑटोप्ले’ बंद करा. सासूबाईंचे अभंग संपले की शांतता होऊ दे.

यूट्यूबचं गणित निराळं. तिथे ‘रिस्ट्रिक्टेड मोड’ असतो आणि तो प्रत्येक उपकरणावर वेगळा चालू करावा लागतो. फोनवर केला म्हणजे टीव्हीवर झाला असं नाही. गाडीत ब्लूटूथला कुणाचा फोन जोडला जातो तेही बघा.


पडद्यामागचा

खटपटरावांनी सेटिंगचं चोख सांगितलं आहे. ‘फिल्टर अर्धामुर्धा का’ याचं उत्तर मी देतो, कारण माझं रोजचं काम तेच आहे. मी मुंबईत गाण्यांच्या डिजिटल वितरणात, कॅटलॉग विभागात आहे. कलाकाराचं गाणं आमच्याकडे येतं आणि आम्ही ते सगळ्या ॲप्सना पाठवतो.

पहिली गोष्ट, ॲप गाणं ‘ऐकून’ ठरवतं अशी बहुतेक पालकांची समजूत असते. मुळात तसं नाही. गाण्याबरोबर एक माहितीपत्रक जातं: नाव, गायक, गीतकार, संगीतकार, भाषा, प्रकार, आयएसआरसी म्हणजे त्या ध्वनिमुद्रणाचा बारा अक्षर-अंकी क्रमांक. त्यातच एक रकाना असतो, पालकांसाठी सूचनेचा. या माहितीसाठी जगभर डीडीईएक्स नावाचा ठरलेला नमुना वापरतात. त्यात ‘एक्स्प्लिसिट’, ‘एक्स्प्लिसिट नाही’, ‘वावगा भाग काढून संपादित’, ‘सूचना उपलब्ध नाही’, ‘माहीत नाही’ असे पर्याय आहेत. रकाना भरतो गाण्याचा मालक, म्हणजे कंपनी किंवा स्वतः कलाकार. ॲपवरचा ‘ई’ हा त्या रकान्याचा आरसा आहे, आणि तुमचा फिल्टर फक्त तो ‘ई’ बघतो. रकाना ‘माहीत नाही’ असेल, तर फिल्टरच्या दृष्टीने गाणं निर्मळच.

किराणा दुकानात पाकिटावरचा हिरवा ठिपका बघून आपण सामान उचलतो, तसंच हे. फरक एवढाच की त्या ठिपक्यामागे एक सरकारी यंत्रणा आणि दंडाची भीती आहे. आपल्याकडे गाण्यांच्या ‘ई’मागे असं कुणीही उभं नाही.

इंग्रजी गाण्यांत हा रकाना काटेकोर का भरलेला असतो, त्याला इतिहास आहे. अमेरिकेत सिनेटर अल गोर यांच्या पत्नी टिपर गोर यांनी मुलीसाठी प्रिन्स या गायकाचा अल्बम आणला, त्यातल्या एका गाण्याचे शब्द ऐकून त्या हादरल्या. त्या आणि वॉशिंग्टनमधल्या आणखी काही जणींनी अशा गाण्यांवर पालकांसाठी इशारा असावा म्हणून १९८५ साली एक संस्था काढली. सप्टेंबर १९८५ मध्ये अमेरिकेच्या सिनेटच्या समितीपुढे सुनावणी झाली. फ्रँक झापा, जॉन डेन्व्हर, डी स्नायडर हे तिघे संगीतकार विरोधात बोलले. शेवटी कायदा झाला नाही, पण कंपन्यांच्या संघटनेने स्वतःहून इशारा छापायचं कबूल केलं आणि १९९० मध्ये तो काळापांढरा ठसा ठरला. म्हणजे तिथेही ठरवतो मालकच, पण चाळीस वर्षांचा सराव आहे, वकील आहेत, मोठी दुकानं हटून बसलेली आहेत. शिवाय मोठ्या गाण्याची शब्द गाळलेली आवृत्ती सहसा सोबतच निघते.

आपल्याकडे काय होतं ते सांगतो. एखादा मुलगा घरी गाणं रेकॉर्ड करतो आणि रात्री मोबाइलवरून फॉर्म भरतो. सूचनेच्या रकान्यात ‘नाही’ आधीच निवडलेलं असतं, तो पुढे जातो. काहींना वाटतं की ‘ई’ लागला तर मोठ्या याद्यांत गाणं घेणार नाहीत, म्हणून जाणूनबुजून टाळतात. उलट काही पोरं ‘ई’ रुबाबदार दिसतो म्हणून साध्या गाण्याला लावतात. आमच्याकडे तपासणी होते, पण तपासणाऱ्याला भाषा यायला हवी ना. माझ्या शेजारी बसणारी मुलगी बंगाली आहे. तिच्यापुढे अहिराणी, हरियाणवी, भोजपुरी अशी गाणी येत राहतात. ती मेहनती आहे, पण खानदेशातली शिवी तिला कशी कळणार? यंत्राने शब्द पकडावेत म्हटलं, तर इंग्रजी शिव्यांची यादी तयार असते. मराठी शिवी कुणी देवनागरीत लिहितो, कुणी रोमनमध्ये, रोमनमध्येही प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं. त्यातून गीताचे शब्द मुळात जोडलेलेच नसले तर यंत्राला वाचायला काहीच नाही.

आणखी एक पळवाट, जी कुणी मुद्दाम काढलेली नाही. ‘ई’ गाण्याला लागत नाही, ध्वनिमुद्रणाला लागतो. मूळ गाण्याला ‘ई’ असला तरी त्याचं रिमिक्स, संथ केलेली आवृत्ती, कुणी दुसऱ्याने गायलेली आवृत्ती, प्रत्येकाचा आयएसआरसी वेगळा आणि रकानाही वेगळा. गणपतीत जी डीजे मिक्स वाजतात त्यांतल्या अनेकांचं हेच आहे. तुमचा मुलगा ज्या गाण्यांबद्दल तुम्हाला चिंता आहे ती बहुधा अशाच वाटेने ऐकतोय.

आणि ‘ई’ला वय नसतं. सिनेमाला आता यूए ७+, १३+, १६+ अशा पायऱ्या आल्या, २०२३ च्या कायदादुरुस्तीने. गाण्याला मात्र फक्त हो किंवा नाही. एक शिवी, दारूचा पेला, उघड शृंगार आणि बाईला मारण्याची धमकी, सगळ्याला तेच एक अक्षर. म्हणून सातच्या मुलीसाठी आणि अकराच्या मुलासाठी एकच फिल्टर पुरा पडणारच नाही, त्याची बांधणीच तशी आहे.

मी घरी असं करतो. भाचीसाठी (ती पाच वर्षांची आहे) उलट्या बाजूने जातो. काय अडवायचं याचा विचार सोडून काय वाजू द्यायचं त्याची यादी करतो. आम्ही ऐकून निवडलेली गाणी, डाउनलोड केलेली, फोन विमान मोडवर. शोधायची सोय नाही, सुचवण्या नाहीत. मोठ्या मुलाला हे चालणार नाही. त्याच्यासाठी ‘ई’ फिल्टर कुलूपबंद ठेवा, तो इंग्रजीसाठी बराच उपयोगी आहे, पण हिंदी, मराठी, पंजाबीसाठी त्याच्यावर विसंबू नका.

बिनाशिक्क्याचं शिवराळ गाणं सापडलं तर ॲपच्या मदत विभागातून जरूर कळवा. तक्रार आमच्यापर्यंत येते तेव्हा आम्हाला कलाकाराला विचारावं लागतं आणि रकाना बऱ्याचदा दुरुस्त होतो. कडव्याची वेळ लिहा, मिनिट आणि सेकंद. बंगाली सहकाऱ्यांनाही मग तपासता येतं.


मोगरा_डोंबिवली

पडद्यामागचा, इतकं सविस्तर लिहिलंत, आभारी आहे. मला खरंच वाटत होतं की ॲप गाणी ऐकतं.

एक मनातला गुंता विचारते. सासूबाई लावण्याही ऐकतात. जुन्या बैठकीच्या लावण्या, शृंगाराच्या. त्यांना ‘ई’ नाही, आणि असावा असं मला अजिबात वाटत नाही. पण मुलगा परवा म्हणाला, “आजीच्या गाण्यात पण तेच असतं की.” मला चटकन उत्तर देता आलं नाही.


फळाखडू_सातारा

मोगराताई, मुलाने फार चांगला प्रश्न विचारला आहे. त्याला टाळू नका.

मी सहावी-सातवीला मराठी शिकवते. मधल्या सुट्टीत मुलं काय म्हणतात ते मला व्हरांड्यात ऐकू येतं. दटावून उपयोग होत नाही, आवाज फक्त खाली जातो. म्हणून मी वर्गात गाण्यांवर तास घेते. मुलांनी आवडतं गाणं लिहून आणायचं. शिवी असेल तिथे रिकामी जागा सोडायची. मग आम्ही तीनच गोष्टी बघतो: बोलतंय कोण, कुणाशी, आणि समोरच्या माणसाला उत्तर द्यायला जागा आहे का.

राम जोशी, होनाजी बाळा, सगनभाऊ, प्रभाकर या पेशवाईतल्या शाहिरांच्या शृंगारिक लावणीत अनेकदा बाई स्वतः बोलते. तिची ओढ, तिचा रुसवा, तिची मागणी. लिहिणारा पुरुष असेल, पण गाण्यात तोंड तिला आहे. तुमच्या मुलाच्या गाण्यांत ती बोलते का, हे त्याला स्वतःला शोधू द्या. माझ्या वर्गातल्या मुलांनी हे शोधलं तेव्हा एक मुलगा म्हणाला, “बाई, यात मुलीला नावच नाही.” मी काही बोलले नव्हते.

लावणी सातव्या वर्षी समजावी अशी नसते, हेही खरं. दुसरीतल्या मुलीला त्यातलं काही कळत नाही आणि आजीच्या मांडीवर बसून ती ढोलकी ऐकते, तिला तेवढंच पोचतं. शिवीचं तसं नाही. ती आवाजातूनच पोचते. माणूस चिडून, तुच्छतेने बोलतोय हे लहान मुलाला शब्दाआधी कळतं.

रॅपच्या बाजूनेही मला बोलायचं आहे. मुंबई-पुण्याच्या वस्त्यांतली पोरं नळाचं पाणी, पोलिसांची दांडगाई, बापाचं व्यसन यावर लिहितात, आणि त्यातली शिवी कधीकधी तिथल्या जगण्यातून आलेली असते. असं गाणं मी दहावीच्या मुलांबरोबर बसून ऐकेन, सहावीच्या मुलाला एकट्याला देणार नाही. ‘ई’ला हा फरक करता येत नाही. तो आपणच करायचा. तुमचा मुलगा टँकरवर लिहितो हे वाचून फार आनंद झाला. त्याला सांगा, त्याचं कडवं आमच्या वर्गाला वाचायला आवडेल.


थेम्सकाठ

इंग्लंडमध्ये राहते, मुली नऊ आणि तेरा वर्षांच्या. गॅदरिंगच्या गाण्यासाठी सोपा उपाय आहे: गाण्याच्या नावापुढे ‘क्लीन’ किंवा ‘रेडिओ एडिट’ जोडून शोधा. ती आवृत्ती वेगळं गाणं म्हणून असते आणि फिल्टर तिला अडवत नाही. शाळेच्या बाईंकडे बहुधा तीच असणार.

इथे २०१५ पासून सिनेमाला प्रमाणपत्र देणारं बोर्ड ऑनलाइन म्युझिक व्हिडिओंनाही १२, १५, १८ असे वयाचे गट देतं, पण ती सोय मोठ्या कंपन्यांनी इथे तयार केलेल्या व्हिडिओंसाठी आहे. तेव्हा इथे सगळं आलबेल आहे असं समजू नका. आमची खरी अडचण तर तुमच्यासारखीच. माझ्या मुलींची इंग्रजी गाणी फिल्टरमधून गाळून येतात, आणि भारतातून आलेली हिंदी-पंजाबी गाणी तशीच येतात. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात मुलं एका पंजाबी गाण्यावर नाचली. दारू आणि बंदूक यांशिवाय त्यात फारसं काही नव्हतं. पंजाबी समजणारे शेजारी प्रेक्षकांत बसले होते, त्यांनी आम्हाला नंतर हळूच सांगितलं. आता मंडळात नाचाचं गाणं ठरलं की भाषा येणाऱ्या एका माणसाला आधी ऐकवायचं असं ठरवलं आहे.


आप्पा_सांगली

सूनबाई, मी ऐंशीच्या घरातला माणूस. गाळणी लावायचे प्रयोग आमच्या पिढीने सरकारी पातळीवर पाहिलेत. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, आपल्या पुण्याचे, १९५२ साली केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी त्यांनी जवळजवळ हद्दपार केली. शास्त्रीय संगीत लोकांपर्यंत जावं ही त्यांची तळमळ खोटी नव्हती, आणि आकाशवाणीच्या संगीत सभांनी माझ्यासारख्यांचे कान घडवले हे मी आजही मानतो. पण लोकांनी काय केलं? सुई रेडिओ सिलोनवर नेली. बिनाका गीतमालेसाठी आमच्या गल्लीत बुधवारी रात्री खिडक्या उघड्या असायच्या. शेवटी १९५७ च्या ऑक्टोबरमध्ये विविधभारती सुरू करावी लागली. नातवाचं सिलोन त्याच्या मित्राच्या फोनमध्ये आहे, हे धरून चाला.

धाकटीसाठी आणि तुमच्या सासूबाईंसाठी मी कारवां सुचवेन. सारेगामाचा तो रेडिओसारखा डबा, आधीच भरलेल्या गाण्यांचा. मराठीतही मिळतो. इंटरनेट नसलं तरी वाजतो आणि त्याच्या एफएम, ब्लूटूथ, यूएसबीला हात लावला नाही तर आत भरलं आहे तेवढंच गातो. माझी पणती त्याचं बटण स्वतः फिरवते.


तारीख_पे_नागपूर

वकिली करतो, म्हणून थोडक्यात कायद्याचं. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९६ मध्ये सार्वजनिक जागी किंवा जवळपास, इतरांना त्रास होईल असं अश्लील गाणं गाणं हा गुन्हा आहे, तीन महिन्यांपर्यंत शिक्षा. आधी हेच भारतीय दंड संहितेत कलम २९४ होतं. २०२३ च्या एप्रिलमध्ये पुणे विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत शिवराळ रॅप चित्रित झाल्यावर गुन्हा नोंदवला गेला, तो सगळ्यांना आठवत असेल. पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये दारू, अमली पदार्थ आणि हिंसेचं उदात्तीकरण करणारी गाणी जाहीर कार्यक्रमांतही वाजू नयेत, असे आदेश पोलिसांना दिले होते. कायद्याची नजर अशी जागेवर असते. मुलाच्या कानातल्या इअरफोनपर्यंत ती जात नाही, आणि गेली तर मला ते आवडणारही नाही. टीव्हीवर दाखवायच्या म्युझिक व्हिडिओला सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं. तिथेही २०१५ मध्ये एका गाण्यातला ‘बॉम्बे’ हा शब्द गाळायला लावला होता. सरकारकडे कात्री दिली की ती कुठे चालेल याचा भरवसा नसतो. त्यापेक्षा पडद्यामागचा म्हणतात तो रकाना सक्तीने आणि प्रामाणिकपणे भरला जावा, एवढी मागणी पालकांनी कंपन्यांकडे लावून धरली तरी पुष्कळ होईल.


मोगरा_डोंबिवली

सगळ्यांचे मनापासून आभार. आप्पा, केसकरांची गोष्ट मी सासूबाईंना वाचून दाखवली. त्यांच्या माहेरीही बिनाका ऐकायला शेजारी जमायचे म्हणे.

आतापर्यंत केलं ते सांगते. हॉलसाठी स्वतंत्र खातं काढलं, नवऱ्याचं खातं स्पीकरवरून काढून टाकलं. ऑटोप्ले बंद. मुलाचा फिल्टर तपासला तर तो त्याच्याच फोनवरून लावलेला होता, आता मुख्य खात्यातून लावला. ‘रेडिओ एडिट’ सापडलं, सराव जोरात सुरू आहे. मुलीसाठी यादी करतोय, त्यात सासूबाई, मी आणि ती स्वतः अशा तिघी गाणी सुचवतो. तिने कोळीगीतांचा हट्ट धरला आहे.

मुलाशी बोलले. फळाखडूताई, तुमचे तीन प्रश्न त्याला दिले. त्याने त्याच्या यादीतली काही गाणी स्वतःहून काढली, काही ठेवली. ठेवलेल्यांपैकी एक मला आजही आवडत नाही. त्याचं म्हणणं, त्यात तो गाणारा स्वतःच्या भावाच्या व्यसनावर रागावला आहे, शिवी व्यसनाला आहे. मी पुन्हा ऐकलं. त्याचं बरोबर होतं. ते गाणं आम्ही एकत्र ऐकायचं असं ठरलं, धाकटी घरात नसताना.

पडद्यामागचा, एक शेवटचं. दोन बिनाशिक्क्याच्या गाण्यांची तक्रार मिनिट-सेकंदासह पाठवली आहे. एकाच गाण्याच्या तीन आवृत्त्या दिसतात. तिन्हींची वेगळी तक्रार करायची का?


पडद्यामागचा

हो, तिन्हींची वेगळी. प्रत्येक आवृत्तीचा मालक वेगळा असू शकतो, आणि तक्रार ज्याच्या नावाने जाते त्याचाच रकाना उघडला जातो. ॲपमधून ‘शेअर’ करून मिळणारी लिंक प्रत्येकीत जोडा, नुसतं नाव लिहिलं तर एकाच नावाच्या गर्दीत भलतंच गाणं तपासलं जातं. मराठी शिवी असेल तर तिचा अर्थही इंग्रजीत एका ओळीत लिहा. लाजू नका, समोरच्याचं ते कामच आहे.

कोळीगीतांची यादी झाली की इथे टाका. भाचीला लागेल.